गोड करून सांगणारी

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या हातात फरशी पुसायचा दांडा होता आणि ती एका गरोदर बाईच्या वतीने खिडकीवरच्या कारकुनाशी बोलत होती. मी अजून जिवंत आहे हे निवृत्तिवेतनासाठी वर्षातून एकदा सरकारला दाखवावं लागतं, म्हणून कचेरीतल्या लांब बाकावर बसलो होतो. समोरच्या खिडकीला जाळी होती. जाळीच्या आत चष्मा कपाळावर चढवलेले कारकून, बाहेर ती गरोदर बाई. ती डोंगराकडची होती हे तिच्या बोलण्यावरून कळत होतं. तिची भाषा कारकुनाला येत नव्हती आणि कारकुनाची तिला. त्यामुळे दोघंही आपापल्या भाषेत आवाज चढवत चालले होते.

"अंगठा भलत्याच जागी उठवलाय," कारकून दांडेवाल्या बाईला म्हणाले. "आज काही होणार नाही. उद्या या म्हणावं, आणि नवऱ्याला घेऊन या म्हणावं. आणि हेही सांग, मी बहिरा नाही."

तिने दांडा भिंतीला टेकवला, कमरेच्या फडक्याला हात पुसले आणि त्या बाईशी हळू आवाजात बराच वेळ बोलली. मध्येच कारकुनाकडे हात केला, मध्येच स्वतःच्या गुडघ्याकडे, मध्येच दाराकडे. ऐकता ऐकता त्या बाईचा चेहरा निवळत गेला. शेवटी तिने जाळीच्या फटीतून हात घालून कारकुनाच्या बोटांना हात लावला आणि काहीतरी आशीर्वादासारखं पुटपुटून निघून गेली.

कारकून गोंधळून आपल्या बोटांकडे बघत राहिले. "काय सांगितलंस तिला?"

"तुम्ही सांगितलंत तेच."

"मग ती खूश कशाला झाली?"

"तुम्ही चांगलं सांगितलंत म्हणून," ती म्हणाली आणि दांडा उचलून कामाला लागली.

मला डोंगराकडच्या भाषेतलं अक्षर कळत नाही. पण जन्मभर वर्गावर उभा राहिलेला माणूस कोण निरोप जसाच्या तसा पोचवतोय आणि कोण त्यात पदरची भर घालतोय, हे चेहऱ्यावरून ओळखतो. या बाईने चांगली ओंजळभर भर घातली होती.

मी उठलो तशी ती म्हणाली, "सावकाश, फरशी ओली आहे."

हे वाक्य ती दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायची, मग तो शिपाई असो की मोठा साहेब. त्यावरून कचेरीत तिचं नाव सावकाशबाई पडलं होतं. तिचं खरं नाव हजेरीपुस्तकात असेल, पण मी ते कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. तिला स्वतःलाही हे नाव आवडत असावं. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "बरं आहे ना, नावातच सूचना आहे."

पुढे कळलं की ती आमच्या मागच्याच गल्लीत राहते. नवरा बसगाड्यांच्या दुरुस्तीखान्यात मिस्त्री. मुलगी कॉलेजात. घरात सासू, आणि गुडघ्यांच्या दुखण्यामुळे डोंगरावरून खाली आलेली आणि मग इथेच राहिलेली आई. दोन खोल्यांत या दोन विहिणी. सासूला डोंगराकडची भाषा येत नाही आणि आईला आमची. दोघी जिभेने तिखट. आणि तरीही गल्लीत या दोघींइतकं कुणाचं पटत नसे. माझ्या बायकोला याचं फार कौतुक होतं, आणि थोडं कोडंही.

कोडं एकदा आमच्या घरातच सुटलं. मिस्त्री आमचा पंखा बघायला आला होता. शिडीवर बसून हसत हसत तो सांगायला लागला.

"काकू, काल जेवताना हिची आई म्हणाली, तुझ्या सासूची भाजी म्हणजे पाण्यात बुडून मेलेली पानं. मला तेवढी भाषा कळते. आणि हिने माझ्या आईला काय सांगावं? म्हणे, आई म्हणते भाजी हलकी झालीय, पोटाला बरी पडेल. माझी आई इतकी खूश, तिने आणखी वाढली."

"अगं बाई," माझी बायको म्हणाली.

"ऐका पुढे. माझी आई म्हणते, त्यांना सांग, एवढं घोरतात की भिंतीचा गिलावा पडेल. ही सांगते, सासूबाईंना तुमची झोप बघून समाधान वाटतं. हिची आई म्हणते, बाई मायाळू आहे हो. गेली कित्येक वर्षं हे चाललंय. माझ्या घरात दोन वाघिणी आहेत आणि मध्ये ही बसून दोघींना गाई करते."

सावकाशबाईला कुणी याबद्दल छेडलं तर ती शांतपणे म्हणे, "शब्द तेच असतात. मी फक्त काटे काढते. मासा कमी होतो का त्याने?"

काही दिवसांनी तिची सासू माझ्या बायकोपाशी जे बोलली तेही इथेच सांगतो. "ही मला खुळी समजते," म्हातारी म्हणाली. "कपाळाला एवढ्या आठ्या घालून कुणी गोड बोलतं का? विहीणबाई काय म्हणत असतील ते मला त्यांच्या भुवयांवरून कळतं. पण सुनेची एवढी मेहनत चाललेली असते, कशाला मोडा." म्हणजे त्या घरात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. तो एक प्रेमाचा खेळ होता आणि सगळीच तो नीट खेळत होती.

कचेरीतही तिचं काम वाढत गेलं. डोंगराकडून माणसं उतरत होती. बांधकामांवर, वीटभट्ट्यांवर कामाला. त्यांना दाखले लागत, रेशन लागे, मुलांना शाळेत घालायचं असे. खिडकीवरचा माणूस काही सांगे आणि हे लोक मान डोलवत. समजलं नाही तरी डोलवत, कारण नाही म्हणणं त्यांना उर्मटपणाचं वाटे. मग चुकीच्या ठिकाणी जात, पुन्हा येत, पुन्हा मान डोलवत. अशी माणसं व्हरांड्यात बसून फरशी पुसून व्हायची वाट बघत. फरशी वाळली की सावकाशबाई मोकळी होई.

तिची एक पद्धत मला मनापासून आवडली. ती कुणालाही "समजलं का" असं विचारत नसे. सगळं सांगून झालं की भिंतीला टेकून म्हणे, "आता मी डोंगरावरून आज उतरलेय. मला काही येत नाही. तू मला सांग, मी काय करू?" मग तो माणूस तिला सांगायला लागे: आधी त्या खिडकीत जा, मग फोटो काढून आण. मध्येच अडखळला की तेवढंच ती पुन्हा सांगे. मोठमोठे बाप्ये तिला समजावताना मास्तर झाल्यासारखे ऐटीत येत.

नव्या अधिकारी मॅडम बदलून आल्या तेव्हा त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "ही इतकी माणसं व्हरांड्यात कशासाठी बसलीयत?"

शिपाई म्हणाला, "मॅडम, फरशी वाळायची आहे."

मॅडम वयाने तरुण, बोलायला थोड्या, आणि समोरच्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबणाऱ्या. त्यांनी पाठपुरावा करून सावकाशबाईला दुभाषी म्हणून नेमलं. सुरुवातीला हंगामी. दाराशी एक पाटी लागली आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तिच्यावर एक बोलणारं तोंड आणि एक कान रंगवला. चित्रकाराने कान जरा मोठाच काढला. मिस्त्री म्हणाला, "हा माझ्या आईचा कान आहे."

याच मॅडमकडे मुलांच्या ताब्याची प्रकरणं असत. मी बालगृहात आठवड्यातून दोन दुपारी शिकवायला जातो, म्हणून सुनावणीला मला टेबलाच्या टोकाला बसवत. निर्णय देणं माझं काम नव्हतं. मुलाबद्दल काही विचारलं तर सांगायचं, एवढंच. त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

बालगृहात तेव्हा सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. तिची आई इथे बांधकामावर काम करायची, ती तापाने गेली. बाप आधीच कुठे निघून गेला होता, त्याचा पत्ता नव्हता. मुलगी इतकं हळू बोलायची की तिच्या तोंडापाशी कान न्यावा लागे. आमची भाषा ती शिकत होती, पण ओठ जेमतेम हलत. आणि मग तिला न्यायला डोंगरावरून तिचे आजोबा आले, आईचे वडील. आयुष्यभर विहिरी खोदलेला माणूस. उंच, वाकलेला, हाताची बोटं मुळांसारखी. राहायला भाचीकडे. तिचा नवरा एका इमारतीवर पहारेकरी होता, तिथेच मागे त्यांची खोली होती.

मुलगी त्यांच्याकडे द्यायची की बालगृहातच ठेवायची, एवढाच प्रश्न होता. मॅडमनी आजोबांना बसायला सांगितलं. ते उभेच राहिले.

मॅडमनी विचारलं, "मुलगी आजारी पडली तर तुम्ही काय कराल?"

सावकाशबाईने प्रश्न त्यांच्या भाषेत सांगितला. आजोबांनी असा काही आवाज लावला की खिडकीतलं कबूतर उडालं. टेबलावर मूठ आपटली, मॅडमकडे बोट केलं, पाठ वाकवून दाखवली, पुन्हा बोट केलं. बराच वेळ ते गरजत होते.

सावकाशबाई म्हणाली, "ते म्हणतात, लगेच डॉक्टरकडे नेऊ."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. मग दुसरा प्रश्न, मग तिसरा. प्रत्येक वेळी आजोबांचा आवाज चढत गेला आणि प्रत्येक वेळी सावकाशबाईचं उत्तर जास्त गुळगुळीत होत गेलं. मॅडमचे फार उपकार आहेत म्हणतात. मॅडम म्हणतील तसं करू म्हणतात.

मॅडमनी कागद मिटला. आजोबांना बाहेर बसायला सांगितलं आणि सावकाशबाईला थांबवलं.

"तो माणूस इतका वेळ बोलला, आणि तुम्ही एक ओळ दिलीत."

"सार सांगितलं, मॅडम."

"मला माझ्यासमोर एक चिडलेला माणूस दिसतोय आणि कानावर साखर पडतेय. म्हणजे तुम्ही काहीतरी झाकताय. काय झाकताय ते मला माहीत नाही, म्हणून मी वाईटातलं वाईट धरून चालणार. अशा माणसाच्या हाती मी लहान मुलगी कशी देऊ?" मॅडमचा आवाज चढला नव्हता. "पुढच्या सोमवारी पुन्हा बोलावते. तेव्हा ते बोलतील ते सगळं मला हवं. शिवी दिली तर शिवी. ते जमणार नसेल तर आत्ता सांगा."

त्या संध्याकाळी सावकाशबाई आमच्याकडे आली. माझी बायको शेंगा सोलत बसली होती, तिने न बोलता अर्धा ढीग तिच्यापुढे सरकवला. थोड्या शेंगा सोलून झाल्यावर सावकाशबाई म्हणाली, "सर, मी त्या पोरीचं घर घालवलं बहुतेक."

"काय बोलले होते ते?" मी विचारलं.

"पहिल्या प्रश्नाला म्हणाले, ही बाई माझ्या धाकट्या सुनेच्या वयाची, आणि मला विचारते पोर कसं सांभाळायचं. हिने आजवर कुणाला पाठीवर घेतलंय का? माझ्या नातीच्या आईला लहानपणी ताप डोक्यात चढला होता तेव्हा मी तिला पाठीला बांधून अख्खा डोंगर उतरलो. नदीला पाणी होतं. लोक म्हणाले, थांब. थांबलो असतो तर ही नात जन्मालाच आली नसती." ती थांबली. "सुनेचं बोलणं सांगायचं नव्हतं मला. मॅडमचा अपमान झाला असता. ते गाळताना डोंगरही गळला."

माझी बायको म्हणाली, "मग सोमवारी सगळं सांगून टाक."

"सांगितलं आणि मॅडम रागावल्या तर? पोर जाईल ती त्या म्हाताऱ्याची. माझं काय जातंय. मी घरी येऊन जेवणार." एका शेंगेतले दाणे तिच्या हातातून खाली सांडले, ते ती एकेक करून वेचत राहिली. "त्यांनाच जाऊन सांगते, जरा हळू बोला म्हणून."

"त्यांना ठाऊक आहे का," मी विचारलं, "की तू बदलून सांगितलंस?"

तिने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "सर, तुम्ही चला ना बरोबर. मला एकटीला तोंड नाही दाखवता येणार."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. इमारतीच्या मागे वाळूचा ढीग होता, त्याच्या कडेला आजोबा दोर वळत बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी लांबूनच हाक दिली. सावकाशबाईने श्वास घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ते म्हणतायत, आलीस का, आणि हा सुकलेला म्हातारा कशाला आणलास."

तेव्हा मला कळलं की तिने सराव माझ्यापासूनच सुरू केलाय.

ती त्यांच्यासमोर वाळूत बसली आणि बोलली. मला एक शब्द कळला नाही, पण कुठल्या क्षणी तिने कबुली दिली ते कळलं. आजोबांचे दोरावरचे हात थांबले. त्या माणसाला मी पहिल्यांदाच गप्प पाहिलं. मग ते बोलले, आणि या वेळी आवाज अगदी बेताचा होता.

सावकाशबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "विचारतायत, मग मी त्या दिवशी कुणाशी बोलत होतो?"

आजोबा तिच्याकडेच बघत पुढे बोलले.

"म्हणतायत, मला वाटलं ती बाई सगळं ऐकतेय आणि तरी तिच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. म्हणून मी आणखी ओरडलो. विहिरीत खाली असलो आणि वरून ओ आली नाही, तर आम्ही आणखी मोठ्याने हाक मारतो. गप्प बसलो तर वरचा माणूस समजतो खाली कुणी नाही, आणि दगडाची पाटी सोडतो." ती थांबली, डोळे पुसले आणि पुढचंही सांगितलं. "म्हणतायत, तू पोरगी चांगली आहेस, पण दोर धरायला तुला ठेवणार नाही."

"सोमवारी हळू बोलायला सांगणार होतीस ना?" मी विचारलं.

तिने सांगितलं असावं, कारण आजोबांनी हातातला दोर आपटला आणि आवाज पुन्हा मूळ जागी आला. ती म्हणाली, "म्हणतायत, मी असाच बोलतो. गोड म्हातारा दाखवून पोर घरी आणली आणि घरी हा निघाला, तर ती बाई म्हणेल हा कोण. आता जा म्हणतायत, दोर पुरा करायचाय."

सोमवारी सावकाशबाई नेहमीच्या खुर्चीवर बसली नाही. आजोबांच्या शेजारी उभी राहिली, हात मागे बांधून. मॅडमनी तोच पहिला प्रश्न पुन्हा विचारला. आजोबांनी उत्तर दिलं, आधीच्याइतक्याच मोठ्याने. सावकाशबाईने सपाट आवाजात, समोरच्या भिंतीकडे बघत सांगायला सुरुवात केली. "ते म्हणतात" हे तिने या वेळी गाळलं.

"मी तुला मागेच सांगितलं, पण तुला ते पोचलं नाही असं ही पोरगी म्हणते. म्हणून पुन्हा सांगतो. तू माझ्या धाकट्या सुनेएवढी आहेस आणि मला पोर सांभाळायला शिकवतेस."

टेबलापाशी बसलेल्या लेखनिकाने मान वर केली. सावकाशबाईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "पुढे."

मग डोंगर आला, नदी आली, पाठीला बांधलेली मुलगी आली. नदीत पाय घसरला ते आलं. मॅडमनी लिहिणं थांबवलं होतं.

"तुम्ही इतक्या मोठ्याने का बोलता?" त्यांनी विचारलं.

"मी तीन गावांच्या विहिरी खोदल्या. खालून हळू बोललेलं वर जात नाही. माझी बायकोही ओरडायची, मुलगीही ओरडायची. आमच्या घरात रागावलेला माणूस ओळखायचा तर तो गप्प बसलाय का ते बघायचं."

मॅडमच्या तोंडाचा कोपरा जरा हलला. मग त्यांनी अवघड प्रश्न विचारला. "तुमचं वय झालंय. तुमची तब्येत कशी आहे?"

आजोबा या वेळी आधी सावकाशबाईकडे वळून बोलले. तिने काहीतरी विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं आणि हाताने तिला पुढे ढकलल्यासारखं केलं. तिला ते बोलवत नव्हतं. हेच वाक्य तिने आठवड्यापूर्वी नक्की गाळलं असतं, आणि माझ्या मनात आलं की आताही गाळ.

"गुडघे गेलेत," ती म्हणाली. "विहिरीत आता उतरत नाही. डाव्या डोळ्याने दिसत नाही, उजव्याने धुकं दिसतं. हे लपवलं असतं, पण ही पोरगी म्हणाली आज सगळं सांगायचं. भाची स्वयंपाक करते. मी दोर वळतो, त्याला डोळे लागत नाहीत."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "सर, मुलगी कशी आहे बालगृहात?"

मी जे होतं ते सांगितलं. जेवते, झोपते, गणित बरं आहे. आवाज फुटत नाही.

"बोलवा तिला."

मुलगी दारातून आली आणि आजोबांना पाहून थबकली. मग तिने जो आवाज काढला तो मी तोवर तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. खणखणीत. शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावून गेलं. आजोबांनीही तशीच हाक दिली. आणि दोघं, मध्ये हातभर अंतर असताना, पलीकडच्या टेकडीवरच्या माणसाशी बोलावं तशी एकमेकांशी ओरडून बोलायला लागली.

सावकाशबाईने दोघांच्या मध्ये सांगत राहण्याचा प्रयत्न केला. "ती म्हणते, इतका उशीर का केलास. ते म्हणतात, माझा रस्ता लांब आणि पाय जुने. ती म्हणते, तुझा पुढचा दात कुठेय. ते म्हणतात, पडला, तुला दाखवायला ठेवलाय. ती म्हणते, आण इकडे. ते म्हणतात, खोलीवर आहे, सदऱ्यात दात घेऊन कुणी कचेरीत येतं का. ती म्हणते..." मॅडम म्हणाल्या, "राहू द्या. एवढं मला कळतंय."

निर्णय त्या दिवशी झाला. मुलगी आजोबांकडे, भाचीने लक्ष द्यायचं, सहा महिने दर महिन्याला घरी पाहणी, आणि आजोबांचे डोळे सरकारी दवाखान्यात तपासून घ्यायचे. मॅडमनी ते सावकाशबाईमार्फत आजोबांना सांगितलं आणि ती भिंतीला टेकून म्हणाली, "आता आजोबा, मी आज डोंगरावरून उतरलेय. मला सांगा, काय ठरलं?"

आजोबांनी सांगितलं. बाहेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

त्यांनी जाताना मॅडमसाठी एक निरोप ठेवला. सावकाशबाईने तोही सांगितला. "म्हणतात, बाई बरी आहे, सुनेपेक्षा बरी."

"हे नक्की त्यांचंच आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"त्यांचंच, मॅडम. मी असते तर सुनेला मध्ये आणलं नसतं."

त्या संध्याकाळी मिस्त्रीने तिला गल्लीतच गाठलं. "काय गं, आता घरीही जसंच्या तसं सांगणार का? म्हणजे मी आजच दुरुस्तीखान्यात अंथरूण नेतो."

"घर म्हणजे कचेरी नाही," ती म्हणाली. "घरी कुणाचं काही अडलेलं नाही." आणि आत जाऊन तिने आईचं ऐकून सासूला काय सांगितलं कोण जाणे, दोन्ही म्हाताऱ्यांचं हसणं बाहेर ऐकू आलं.

सहा महिन्यांच्या पाहण्या झाल्या आणि मुलगी कायमची आजोबांकडे राहिली. ती आता आमची भाषा फडाफडा बोलते, शाळेत बाईंनी तिला मागच्या बाकावर बसवलंय कारण तिचा आवाज तिथूनही पुरतो. आजोबांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. त्यासाठी ज्या-ज्या वेळी दवाखान्यात जायचं झालं, त्या-त्या वेळी सावकाशबाईला बरोबर जावं लागलं, कारण तिथे डोंगराकडची भाषा येणारं कुणीच नव्हतं. एकदा ती गेली की रांगेतली आणखी चारजणं तिच्याभोवती गोळा व्हायची. ते मॅडमच्या कानावर गेलं आणि त्यांनी दवाखान्याला पत्र लिहिलं.

सावकाशबाई आता कचेरीत कायम झाली आहे. आठवड्यातले चार दिवस ती तिथे असते. गुरुवारी ती सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या विभागाबाहेर सकाळपासून दुपारपर्यंत उभी असते, कारण तिथे तिला अजून खुर्ची मिळालेली नाही.